कोविडची साथ आणि थायरॉइडचे विकार

मानेच्या पुढील बाजूस, श्वासनलिकेवर, फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. शरीरातील चयापचयाचा वेग ती आपल्या संप्रेरकांद्वारे राखते. कोविडचा विषाणू 'एसीई-२' या ज्या प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतो, ते थायरॉइडच्या पेशींतही आढळते. त्यामुळे या साथीमुळे थायरॉइडचे रुग्ण वाढतील काय, हा प्रश्न वैद्यकक्षेत्रापुढे उभा राहिला.

२०२० मध्ये इटलीत मिलानजवळील एका रुग्णालयात दाखल झालेल्या २८७ कोविड रुग्णांची तपासणी झाली. त्यांपैकी सुमारे २० टक्के रुग्णांमध्ये थायरॉइड संप्रेरकाचा अतिरेक दिसून आला. अशा वेळी ग्रंथीला सूज आल्याने तिच्यातील साठा एकदम रक्तात उतरतो आणि छातीत धडधड, हातांना कंप, क्वचित मानेत वेदना अशी लक्षणे जाणवतात. साठा संपल्यावर काही काळ कमतरता भासते. बहुतेकांची ग्रंथी काही महिन्यांत पूर्ववत होते. थोड्यांना मात्र कायमचे औषध लागते.

गंभीर आजारात ग्रंथी निरोगी असूनही 'टी-३'ची पातळी घटते, तर स्टेरॉइडमुळे 'टीएसएच' उतरतो. म्हणूनच आजारपणात केलेली तपासणी फसवी ठरू शकते.

रुग्णांच्या आकडेवारीचेही असेच आहे. टाळेबंदीत अनेकांच्या तपासण्या लांबल्या, तेव्हा नोंदी घटणे स्वाभाविक होते. पुढे कोविडनंतरचा थकवा आणि केसगळती यांमुळे तपासणी केली, की आधीपासूनचा विकारही प्रथमच उघड होतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबईसह आठ शहरांतील पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइडची कमतरता आढळली होती आणि त्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांना त्याची कल्पनाच नव्हती. तेव्हा नोंदींतील प्रत्येक वाढ विषाणूच्या माथी मारता येणार नाही.

मग रुग्णाने काय करावे? एका अहवालावरून जन्मभराची गोळी सुरू झाली, असे होऊ नये. प्रकृती सुधारल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासणी करून घ्यावी. थकवा रेंगाळत असेल, तर तो केवळ अशक्तपणा समजून अंगावर काढू नये. पूर्वीपासून सुरू असलेली गोळी मात्र परस्पर बंद करू नये.