अखंडगती गिअर आणि घाटातील चालक

महाडहून पोलादपूरपर्यंतचा रस्ता सावित्रीच्या खोऱ्यातून जातो. पुढे आंबेनळीचा घाट सुमारे 40 किलोमीटरांत मोटारीस 1300 मीटरांहून अधिक उंचीवरील महाबळेश्वरास नेतो. या चढणीवर सीव्हीटी, म्हणजे अखंडगती गिअर, असलेल्या मोटारीविषयी चालकांची एक तक्रार नेहमी ऐकू येते: ‘इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही.’

या तक्रारीचे मूळ रचनेत आहे. येथे ठराविक दात्यांची चाके नसून दोन कप्प्या व त्यांवरून फिरणारा पट्टा असतो. कप्पीच्या शंक्वाकार बाजू जवळ किंवा दूर सरकल्या म्हणजे पट्ट्याची त्रिज्या व तिच्याबरोबर गतीचे प्रमाण बदलते. डच ‘डॅफ 600’ मोटारीत 1958 साली हा पट्टा रबरी होता. आज तो बहुधा पोलादी असतो. चढावर इंजिन भरपूर शक्ती देणाऱ्या फेऱ्यांवर स्थिर राहते व वेग मागाहून वाढतो. आवाज आणि वेग बरोबर वाढण्याची सवय झालेल्या कानास तेथे उणीव भासते, इतकेच.

उतारावरील प्रश्न मात्र खरा आहे. ‘डी’वर पाय उचलताच यंत्रणा इंधन वाचविण्यासाठी फेरे कमी ठेवू पाहते, त्यामुळे इंजिनाचा अटकाव अल्प राहतो आणि सारा भार ब्रेकांवर पडतो. सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होऊ लागतात. म्हणून पोलादपूरकडे उतरण्यापूर्वीच दांडा ‘एल’ किंवा ‘एस’वर घ्यावा. चढावर कानावर विसंबू नये. उतारावर ब्रेकांवरच विसंबू नये.