सर्व्हर व्यवस्थापनाचे एक सत्र : प्रकल्प आणि मूल्यमापन

प्रस्तावना

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी संकेतस्थळ पडद्यावर दिसले, की संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याचा प्रकल्प पूर्ण झाला असे सामान्यतः मानले जाते. सर्व्हर व्यवस्थापनाच्या बाबतीत मात्र हा निकष अपुरा ठरतो. सर्व्हर सुरू करणे हा या कामाचा आरंभ होय. तो बंद पडल्यावर पूर्वस्थितीत आणता येणे ही त्याची खरी कसोटी आहे. प्रवेश, ग्रंथालय व परीक्षा यांच्या नोंदी आज अशाच यंत्रांवर साठवल्या जात असल्याने हा प्रश्न केवळ एका विभागापुरता राहिलेला नाही. एका सत्रात विद्यार्थ्याने कोणते काम करावे आणि त्याचे मूल्यमापन कसे व्हावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सत्राची रचना

दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकास १५ आठवडे व आठवड्याला ४ तास धरल्यास ६० तास उपलब्ध होतात. त्यासाठी महागड्या सामग्रीची आवश्यकता नाही. प्रयोगशाळेतील एखादा जुना संगणक आणि डेबियन किंवा उबुंटू ही विनामूल्य लिनक्स प्रणाली पुरेशी आहे. जुन्या प्रात्यक्षिक पुस्तिकांत सेंटओएस प्रणालीचा वापर आढळतो. तथापि, तिच्या आठव्या आवृत्तीचा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी व सातव्या आवृत्तीचा ३० जून २०२४ रोजी संपला. सुरक्षाविषयक सुधारणा मिळत नसलेल्या प्रणालीवर अध्यापन करणे उचित नसल्याने अशा पुस्तिका बदलणे आवश्यक आहे.

सत्राचे चार टप्पे करता येतील : १) प्रणालीची स्थापना, वापरकर्ते व परवानग्या, २) अपाचे वेब सर्व्हर व डेटाबेस यांच्या साहाय्याने विभागाच्या सूचनांचे किंवा ग्रंथसूचीचे छोटे संकेतस्थळ, ३) फायरवॉल, नोंदींचे वाचन व ठरावीक वेळी आपोआप होणारी कामे, ४) बॅकअप व पुनःस्थापना.

पहिल्याच टप्प्यात विद्यार्थ्याची विचारपद्धती दिसून येते. लिनक्समध्ये वाचण्यास ४, लिहिण्यास २ व चालवण्यास १ असे अंक असून मालक, गट व इतर यांच्या परवानग्या तीन अंकांनी दर्शवितात. संकेतस्थळ उघडत नसल्यास अनेक विद्यार्थी ७७७ देऊन, म्हणजे सर्वांना सर्व अधिकार बहाल करून, मोकळे होतात. संकेतस्थळ उघडते, परंतु डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइलही त्या यंत्रावरील कोणालाही वाचता व बदलता येते. अशा फाइलला ६४० पुरेसे असते. पडद्यावर दोन्ही प्रकल्प सारखेच दिसतात, हीच प्रचलित मूल्यमापनाची उणीव आहे.

बॅकअप आणि पुनःस्थापना

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक प्रणालींच्या संकेतलेखनाची साठवण करणाऱ्या सेवेत एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेसची निर्देशिका नष्ट झाली. कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तानुसार, दैनंदिन बॅकअप प्रत्यक्षात तयारच होत नव्हता. बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, आणि अपयशाची सूचना देणारे ई-मेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. अन्य कामासाठी सुमारे ६ तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सुदैवाने हाती लागली. मधल्या काळातील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. अनुभवी अभियंत्यांकडूनही असे घडते, यावरून एक तत्त्व स्पष्ट होते : ज्यातून माहिती परत मिळवून पाहिलेली नाही, त्या बॅकअपवर विसंबता येत नाही.

मूल्यमापनाची पद्धत

या तत्त्वानुसार परीक्षेची रचना पुढीलप्रमाणे करता येईल. विद्यार्थ्याने सत्रभर नोंदवही ठेवावी. तीत दिनांक, केलेला बदल, त्याचे कारण, परिणाम व झालेली चूक यांची नोंद असावी. चौदाव्या आठवड्यात त्याला रिकामे यंत्र द्यावे आणि नोंदवही व बॅकअप यांच्या आधारे प्रकल्प पुन्हा उभा करण्यास सांगावे. शक्य असल्यास एकाच्या नोंदवहीवरून दुसऱ्या विद्यार्थ्याने हे काम करावे. म्हणजे नोंदी इतरांना समजतात की नाही, हेही कळते. १०० पैकी ४० गुण चालू प्रकल्पास, ३० नोंदवहीस व ३० पुनःस्थापनेस द्यावेत, असे सुचवावेसे वाटते.

प्रात्यक्षिक वह्या एकमेकांच्या पाहून उतरविल्या जातात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. उतरविलेली वही शिक्षकाची सही मिळवू शकते. पण स्वतःच्या यंत्राची नोंद तीत नसल्याने रिकाम्या यंत्रासमोर ती निरुपयोगी ठरते. मात्र हे प्रयोग महाविद्यालयाच्या चालू सर्व्हरवर किंवा विद्यार्थ्यांच्या खऱ्या गुणनोंदींवर करू नयेत.

समारोप

चुका दडविणाऱ्या विद्यार्थ्यास प्रचलित पद्धतीत पूर्ण गुण मिळू शकतात, तर चूक नोंदवून ती दुरुस्त करणाऱ्याचे श्रम अदृश्य राहतात. उद्या हेच विद्यार्थी एखाद्या रुग्णालयाच्या किंवा पतसंस्थेच्या नोंदी सांभाळणार आहेत. म्हणून बिघाडाचा पहिला अनुभव त्यांना प्रयोगशाळेत, शिक्षकाच्या देखरेखीखाली मिळणे अगत्याचे आहे.