एक गोळी आणि नऊ महिने

मध्यंतरी बाह्यरुग्ण विभागात एक तरुणी सासूबाईंसोबत आली. पाळी चुकून पंधरा दिवस झाले होते. बसता बसताच तिला रडू फुटलं. ‘‘डॉक्टर, माझी चूक झाली. आता हे मूल ठेवता येणार नाही ना?’’ पाळी चुकण्याच्या आधी अंगावरून पांढरं जात होतं, खाज होती, म्हणून तिनं दुकानातून फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी आणून घेतली होती. पुढे दिवस गेल्याचं कळलं आणि कुणीतरी सांगितलं, या गोळीनं मूल व्यंग घेऊन जन्मतं.

श्रोतेहो, तिला जे सांगितलं तेच आज आपल्याला सांगतो.

गरोदरपणात स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन वाढतं. त्यामुळे योनीमार्गात ग्लायकोजेन ही साखरेसारखी वस्तू साठते आणि कॅन्डिडा नावाच्या बुरशीला आयतं खाद्य मिळतं. दह्यासारखा पांढरा स्राव, खाज, आग ही तिची लक्षणं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र प्रत्येक पांढरं जाणं बुरशीमुळेच असतं असं नाही, म्हणून तपासणी हवी.

औषधाबाबत तीन प्रश्न विचारायचे: कोणतं, कोणत्या वाटेनं आणि कितव्या महिन्यात? क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल योनीत ठेवायची गोळी वा मलम म्हणून वापरलं, तर रक्तात फारच थोडं उतरतं. म्हणून गरोदरपणात हेच उपचार पहिल्या पसंतीचे. साधारणपणे सात दिवस. दोन दिवसांत बरं वाटलं तरी ते मध्येच सोडू नयेत. पोटात घ्यायच्या गोळीचं तसं नाही. फ्लुकोनाझोल रक्तात मिसळतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं.

मग ते किती धोक्याचं? अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ मध्ये इशारा दिला तो पहिल्या तीन महिन्यांत रोज ४०० ते ८०० मिलिग्रॅम असं दीर्घकाळ घेण्याबद्दल. तशा काही बाळांमध्ये चेहरा, कवटी, हाडं व हृदयाची व्यंगं आढळली होती. १५० मिलिग्रॅमच्या एका मात्रेबाबत तसा पुरावा नव्हता. पुढे २०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या सुमारे १४ लाख गर्भारपणांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणी ही गोळी तोंडावाटे घेतलेल्या स्त्रियांत गर्भपाताचा धोका न घेतलेल्यांच्या सुमारे दीडपट दिसला. गोळीमुळेच गर्भपात झाले, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण मलमानं काम भागत असताना जोखीम कशाला घ्यायची?

अंगावरच्या गजकर्णाचंही तेच. थोड्या जागी असेल तर क्लोट्रिमाझोलचं साधं मलम पुरतं. स्टिरॉइड मिसळलेली मलमं मनानं लावू नयेत; खाज थांबते, पण बुरशी पसरते. इट्राकोनाझोल गरोदरपणात टाळतात. ग्रिसिओफुल्विन तर घ्यायचंच नाही. ते घेणाऱ्या पुरुषानंही औषध संपल्यावर सहा महिने अपत्याचा विचार करू नये, असा सल्ला असतो. नखाच्या बुरशीचा उपचार बाळंतपणानंतर केला तरी चालतो.

उलट काही बुरशी थांबायला वेळच देत नाहीत. २०२१ मध्ये करोनाच्या लाटेपाठोपाठ आपल्या महाराष्ट्रात काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, पसरली ते आपण पाहिलंच. असा जिवावरचा आजार गरोदर स्त्रीला झाला, तर अॅम्फोटेरिसिन-बी द्यावंच लागतं. मूत्रपिंडावर लक्ष ठेवून ते देता येतं. तिथे औषधाला घाबरून उपचार टाळले, तर आई आणि बाळ दोघंही गमावण्याची भीती.

त्या तरुणीला मी सांगितलं, ‘‘एका गोळीपायी गर्भ काढून टाकायचं काहीच कारण नाही. गोळीचं नाव, मात्रा आणि तारीख कागदावर लिहून ठेवा, पुन्हा मनानं घेऊ नका आणि १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका.’’ सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दोघी पुढच्या तपासणीची तारीख घेऊन गेल्या.

दिवस राहण्याची शक्यता असेल, तर दुकानात गोळी मागण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. आणि चुकून घेतली गेलीच, तर कोणताही निर्णय घेण्याआधी डॉक्टरांकडे या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)