हिऱ्याची झीज

निसर्गात सापडणाऱ्या पदार्थांत हिरा हा अत्यंत कठीण होय. काचेवर तो सहज रेघ ओढतो; पण त्याच्यावर रेघ ओढायची तर दुसरा हिराच लागतो. असा हा हिरा मऊ लोखंड कापताना पाहता पाहता झिजतो, असे कोणी सांगितले, तर ते आपणांस खरे वाटणार नाही. पण ते खरे आहे. लोखंडापाशी असे कोणते बळ आहे बरे?

हिरा केवळ अलंकारांतच शोभतो असे नाही. कारखान्यांत तो हत्यार म्हणूनही राबतो. लेथ यंत्रावर तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची चकती वेगाने फिरत असते. पोलादी दांडीच्या टोकावर बसविलेला हिऱ्याचा लहानसा तुकडा तिला हळूच भिडतो आणि केसाहूनही पातळ कीस निघू लागतो. कापून झालेला पृष्ठभाग झिलई न देताच आरशासारखा चकाकतो. दुर्बिणींचे धातूचे आरसे अशा रीतीने करता येतात. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९८० नंतरच्या दशकात याच कामासाठी एक प्रचंड यंत्र उभारण्यात आले. त्यावर दीड मीटरहून अधिक व्यासाच्या वस्तू कातता येत.

हे काम साधते ते हिऱ्याच्या धारेमुळे. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले, तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. हिऱ्याच्या उत्तम धारेची गोलाई काही दहा नॅनोमीटर एवढीच असते. आपल्या डोक्याचा केस तिच्या हजार पटींनी जाड भरेल!

आता एक हिशेब करून पाहू. चकतीचा व्यास एक मीटर आहे आणि तिच्या प्रत्येक फेऱ्यास हत्यार मिलिमीटरच्या पाच सहस्रांश भागाइतके पुढे सरकते, असे समजा. संपूर्ण चकती कापून होईपर्यंत हिऱ्याला दीडशे किलोमीटरांहून अधिक वाट कापावी लागेल. मध्येच हत्यार बदलावे, तर आरशावर त्याची खूण उमटण्याचा धोका असतो. म्हणून एकाच धारेने आरंभापासून शेवटपर्यंत टिकले पाहिजे.

धार गेली म्हणजे काय होते, हे स्वयंपाकघरात पाहावे. विळी धारदार असली, की पिकलेल्या टोमॅटोची पातळ चकती निघते. विळी बोथट असली, की टोमॅटो चिरडतो. झिजलेला हिराही धातू कापण्याऐवजी त्याला घासू व दाबू लागतो. त्यामुळे उष्णता वाढते आणि आरसा धुरकट होतो.

ही झीज दोन प्रकारची असते. धातूतील कठीण कण धारेवर आदळले, की तिचे सूक्ष्म टवके उडतात. हा पहिला प्रकार. हिरा सर्व दिशांनी सारखाच कठीण नसतो. म्हणून कुशल कारागीर त्याची कठीण दिशा पाहूनच हत्यार घडवितात.

दुसरा प्रकार अधिक नवलाचा आहे. १७९७ साली स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हिरा जाळून दाखवून दिले, की हिरा म्हणजे शुद्ध कार्बनच होय. कोळशात कार्बन असतो आणि पेन्सिलीतील ग्रॅफाइट हाही कार्बनच; भेद आहे तो केवळ अणूंच्या रचनेत. लोखंडाला कार्बनची मोठी ओढ असते. लोखंडात थोडा कार्बन मिसळूनच पोलाद तयार होते. हिऱ्याने लोखंड कापले, की आतील ताजा, निर्मळ पृष्ठभाग उघडा पडतो. त्यातच उष्णता व दाब यांची भर पडते. मग हिऱ्याची रचना विस्कटू लागते, कार्बनचे अणू सुटतात आणि लोखंडात शिरतात. खडीसाखरेचा खडा पाण्यात टाकून पाहा. पाणी त्याच्यावर ओरखडाही काढू शकत नाही, तरी तो विरघळतोच. हिऱ्याचेही काहीसे असेच होते. तांबे, ॲल्युमिनियम, सोने व चांदी यांना मात्र कार्बनची अशी ओढ नसते. म्हणून त्यांच्यापुढे हिरा दीर्घकाळ टिकतो.

परंतु भिंगे ओतण्याचे टिकाऊ साचे तर पोलादाचेच हवेत. मग मार्ग कोणता? एक मार्ग असा, की पोलादी साच्यावर फॉस्फरसमिश्रित निकेलचा लेप द्यावा आणि तो लेपच हिऱ्याने कापावा. दुसरा मार्ग जपानमधील मोरिवाकी व शामोतो या संशोधकांनी १९९१ साली दाखविला. त्यांनी हत्यारास दर सेकंदाला हजारो सूक्ष्म कंप दिले. त्यामुळे हिरा व पोलाद यांचा स्पर्श क्षणोक्षणी तुटू लागला आणि पोलादावरही आरशासारखी चकाकी आणता आली.

त्यांनी अधिक कठीण पदार्थ शोधला नाही, की अधिक जोरही लावला नाही. हिरा का झिजतो, हे नीट जाणून घेतल्यामुळेच त्याला जपण्याचा उपाय सापडला.