दुष्काळ, सेवा आणि ख्रिस्तमंडळीचें नवजीवन



पालघर जिल्ह्याचा नकाशा पुढें घेतला, तर त्यांत दोन अगदीं निराळे मुलूख एकमेकांच्या शेजारीं पडलेले दिसतात. पश्चिमेस समुद्रकांठीं वसई आहे. केळीच्या व पानवेलीच्या वाड्या, जुनीं दगडी चर्चें, आणि सोळाव्या शतकापासून नांदत आलेला मराठीभाषी ख्रिस्ती समाज. पूर्वेस सह्याद्रीकडे चढत गेलेलें जव्हार-मोखाड्याचें पठार आहे. तेथें उतारावर नागली आणि वरई पिकते, आणि वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांचे पाडे डोंगराच्या कुशींत विखुरलेले आहेत. पावसाळ्यांत तेथें मुसळधार वृष्टि होते. परंतु खडकाळ जमिनीवरून पाणी वाहून जातें, आणि चैत्र लागला न लागला तोंच बायका हंडे घेऊन आटलेल्या विहिरींच्या तळाशीं उतरूं लागतात. मुंबईची तहान भागविणारें मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यांत बांधलेलें आहे, हेंही जातां जातां सांगून ठेवावें.

1992-93 सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी या भागांत शंभराहून अधिक बालकें कुपोषणानें व त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या आजारांनीं दगावलीं, तेव्हां या मुलुखाचें नांव साऱ्या महाराष्ट्राच्या कानीं गेलें. 1 ऑगस्ट 2014 रोजीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर हा निराळा जिल्हा झाला; पण 2016 सालीं मोखाड्याकडून पुन्हा तसल्याच बातम्या आल्या. मधल्या काळांत, 1998 सालीं, वसई हा स्वतंत्र कॅथॉलिक धर्मप्रांत झाला होता, आणि जव्हार व मोखाडा हे तालुके त्याच्या सीमेंत आले होते. वाडीवरची सुखवस्तु मंडळी आणि पठारावरचें उपाशी मूल एकाच धर्माध्यक्षाच्या कार्यक्षेत्रांत आलीं, असा याचा अर्थ.

गरिबांची सेवा केली असतां गरिबांस काय लाभतें, याची चर्चा पुष्कळ होते. सेवा करणाऱ्या मंडळीस काय लाभतें, आणि कोणत्या अटीवर लाभतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. 'मंडळी' या शब्दानें ख्रिस्ती लोकांचा धर्मसमाज, मग तो कॅथॉलिक असो कीं प्रॉटेस्टंट, असा अर्थ मी धरीत आहें.

हा प्रश्न फार जुना आहे. चौथ्या शतकांत रोमचा सम्राट ज्युलियन यानें जुन्या देवदेवतांची उपासना पुन्हा चालू करण्याचा यत्न केला, तेव्हां त्याला एक गोष्ट फार बोंचली. हे ख्रिस्ती लोक आपल्या गरिबांना पोसतात तें पोसतातच, पण आमच्याही गरिबांना पोसतात, अशी तक्रार त्यानें आपल्या एका पुरोहितास पत्रानें कळविली, आणि तुम्हीही धर्मशाळा काढा अशी आज्ञा केली. विरोधकानें दिलेली ही साक्ष असल्यामुळें तिचें मोल अधिक. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं कॅपाडोशियांत मोठा दुष्काळ पडला. त्या वेळीं बॅसिल या धर्मगुरूनें धनिकांचीं कोठारें उघडविलीं, आणि पुढें सीझरिया शहराबाहेर आजारी व महारोगी यांच्यासाठीं एक वसाहतच उभारली. त्याच बॅसिलनें घालून दिलेले नियम पूर्वेकडील ख्रिस्ती मठ आजही पाळतात. उपाशी माणूस व मठाची शिस्त हीं दोन्हीं एकाच्याच हातून घडलीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

परंतु इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें जें घडलें, त्याइतकें या विषयावर प्रकाश टाकणारें उदाहरण दुसरें क्वचित् सांपडेल.

पंडिता रमाबाईंनीं 1889 सालीं मुंबईस शारदासदन काढलें आणि पुढच्याच वर्षीं तें पुण्यास नेलें. तें मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठीं होतें. 1893 च्या सुमारास सदनांतील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात असा बोभाटा झाला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. संस्था तगली, परंतु ती लहान राहिली. मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आईबाप पूर्वींच्या एका दुष्काळांत अन्नावांचून गेले होते. भूक म्हणजे काय हें त्यांना कोणी शिकवावयास नको होतें. त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें तीनशें मुली व बायका घेऊन परत आल्या. पुण्यांत प्लेगचे निर्बंध चालू होते, इतक्या जणींना शहरांत ठेवणें शक्य नव्हतें. केडगांवास त्यांनीं फळबागेसाठीं जमीन घेऊन ठेविली होती, तेथें झोंपड्या पडल्या, आणि त्यांतून मुक्तिसदन उभें राहिलें. 1900 सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां हजाराहून अधिक नवीन मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली.

या आंकड्यांपेक्षां महत्त्वाची गोष्ट अशी कीं, आतां आलेल्या मुली निराळ्या होत्या. त्या शेतमजुरांच्या, कुणब्यांच्या, ज्यांची जात कोणी विचारूं नये अशा घरांतल्या होत्या. शारदासदनांत ब्राह्मण विधवांसाठीं सोंवळ्याओंवळ्याची सोय राखली जात असे; दुष्काळानें ती सोय संपविली. दळण, विणकाम, शेती, तेलघाणी, छापखाना, सारें बायकांच्या हातीं आलें. आंधळ्या मुली बोटांनीं उठावाचीं अक्षरें वाचूं लागल्या. समाजानें टाकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन निघालें. दुष्काळापूर्वीं रमाबाईंजवळ एक शाळा होती. दुष्काळानंतर त्यांच्याजवळ एक गांव झालें.

आणि याच गांवांत 1905 च्या जून महिन्याच्या अखेरीस तें प्रसिद्ध धर्मजागरण झालें. त्या वर्षाच्या आरंभीं रमाबाईंनीं रोज प्रार्थनेसाठीं एक लहान मंडळ जमविलें होतें, तें वाढतां वाढतां शेंकडोंवर गेलें. वेल्स देशांत त्याच सुमारास चाललेल्या जागरणाच्या बातम्याही येऊन पोंचल्या होत्या. मग मुली रडूं लागल्या, आपले अपराध उघडपणें सांगूं लागल्या, सगळ्या एकाच वेळीं मोठ्यानें प्रार्थना करूं लागल्या. नीटनेटक्या उपासनेची संवय असलेले पुष्कळ मिशनरी त्यानें बिचकले. त्यांतील सर्वच प्रकार मलाही रुचतात असें नाहीं. पण त्या मुलींच्या टोळ्या पुढें खेडोपाडीं उपदेशास जाऊं लागल्या, आणि ज्यांना आठ वर्षांपूर्वीं रस्त्याच्या कडेनें उचलून आणलें होतें त्या आतां मंडळीच्या तोंडून बोलूं लागल्या, हें नाकारतां येत नाहीं.

या जागरणाचें कारण बहुतेक लेखक प्रार्थना व वेल्स यांच्यांत शोधतात. माझ्या मतें त्यामागचीं आठ वर्षें अधिक महत्त्वाचीं आहेत. रोज दोन हजार माणसांच्या भाकरीची चिंता करणाऱ्या समाजांत पाळक आणि श्रोते, वरच्या आणि खालच्या, शिकलेल्या आणि अडाणी, हे भेद टिकत नाहींत. भेद गेले म्हणजे वाणी मोकळी होते.

केडगांवचा ठसा किती दूर उमटला पाहा. मिनी एब्रम्स नांवाच्या अमेरिकन मिशनरी बाई रमाबाईंच्या सहकारी होत्या. त्यांनीं या घटनेवर 1906 सालीं एक पुस्तक लिहिलें. तें दक्षिण अमेरिकेंत चिली देशाच्या व्हालपाराइसो बंदरांत हूव्हर नांवाच्या मेथॉडिस्ट पाळकाच्या घरीं गेलें, आणि 1909 सालीं तेथें जें जागरण झालें त्यांतून चिलींतील गरिबांची एक मोठी ख्रिस्ती चळवळ जन्मास आली. दौंडजवळच्या माळरानावर दळण दळणाऱ्या मुलींपासून ही साखळी सुरू होते! आणि घरच्या घरीं झालेलें कार्य तर याहून शांत आहे. रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि अल्पशिक्षित बायांना कळेल अशा मराठींत त्यांनीं सबंध पवित्र शास्त्र उतरविलें. खिळे जुळविले ते सदनांतल्या बायकांनींच. 5 एप्रिल 1922 रोजीं रमाबाई वारल्या. ग्रंथ 1924 सालीं छापून निघाला. ज्यांच्यासाठीं भाषा सोपी करावी लागली, त्यांनींच मंडळीला तिची भाषा दिली.

आतां एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. उपाशी मुलाला जेवूं घालून नंतर बाप्तिस्मा दिला, तर तो त्याचा स्वतंत्र निर्णय म्हणावयाचा काय? हा आक्षेप रमाबाईंवर घेतला गेला, 1897 व 1900 च्या दुष्काळांत साऱ्याच मिशनांवर घेतला गेला, आणि आदिवासी मुलुखांत तो आजही घेतला जातो. त्याला 'द्वेषमूलक' म्हणून झटकून टाकणें सोपें आहे, पण प्रामाणिकपणाचें नाहीं. दुष्काळांत नोंदवह्या भरल्या, हें खरें आहे. आणि वही भरणें म्हणजे मंडळीला नवजीवन मिळणें नव्हे, हेंही तितकेंच खरें. ज्या हातांत भाकरी आहे तो हात बदल्यांत कांहीं मागूं लागला कीं सेवेचा व्यवहार होतो. केडगांवांत जें नवें घडलें तें डोकीं वाढल्यानें घडलें नाहीं. आलेल्यांनीं घराची रीतच बदलली म्हणून घडलें.

पुढची गोष्ट पुन्हा आपल्या पालघर जिल्ह्यांतली आहे, आणि तिच्यांत ही कसोटी अधिक कठोरपणें लागली. 1962 ते 1965 या काळांत रोमला व्हॅटिकन परिषद भरली, आणि जगाचीं, विशेषतः गरिबांचीं, सुखदुःखें हींच मंडळीचीं सुखदुःखें होत असें तिनें सांगितलें. 1974-75 च्या हिंवाळ्यांत जेसुइट संघाच्या महासभेनें श्रद्धेच्या सेवेशीं न्यायाची स्थापना जोडून टाकली. तलासरीस जेसुइटांचें जुनें मिशन होतें. शाळा होती, वसतिगृह होतें. वारली मुलें तेथें शिकत. परंतु पाड्यावर सावकाराचें कर्ज, जंगलखात्याची धास्ती आणि तुटपुंजी मजुरी हीं जशींच्या तशीं होतीं. येथें न्यायाची भाषा प्रथम धर्मगुरूंनीं आणली असें मात्र कोणी समजूं नये. 1945 सालीं गोदावरी परुळेकर व किसान सभा यांच्या नेतृत्वाखालीं याच वारल्यांनीं वेठबिगार झुगारून दिली होती.

त्या जेसुइट वर्तुळांतून बाहेर पडलेल्या कांहीं तरुणांनीं पाड्यावर राहावयाचें ठरविलें. 1978 सालीं कष्टकरी संघटना निघाली, तींत प्रदीप प्रभु हे प्रमुख होते. डहाणू, जव्हार या भागांत जमीन, जंगल व मजुरी यांवर संघटनेनें लढे दिले. जमीनदारांचा रोष झालाच, पण आधींपासून तेथें मुरलेल्या कम्युनिस्टांशींही कडवा संघर्ष झाला. ही संघटना चर्चची नव्हे. तिचे सभासद आपापल्या देवांना भजणारे आदिवासी. 2006 सालीं वनहक्कांचा कायदा झाला, त्याच्या घडणींत प्रभु यांचाही वांटा होता. मंडळीला यांतून काय मिळालें? बांधलेलें चर्च नाहीं, नवे सभासद नाहींत. मिळाला तो एक टोंचणारा प्रश्न: मुलाला वसतिगृहांत शिकवून त्याच्या बापाची जमीन जातांना गप्प बसणें, ही सेवा होय काय? असा प्रश्न पदरीं पडणें हाही नवजीवनाचाच एक प्रकार आहे, जरी तो उत्सवाचा नव्हे.

मोखाड्यांतील काम याहून शांत वळणाचें आहे. मुंबईंतील निर्मला निकेतन हें समाजकार्याचें महाविद्यालय 1955 पासून चाललें आहे. तें चालविणाऱ्या भगिनींचा संघ फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमींत, मठ बंद होत असतां, स्थापन झाला. त्यामुळें त्यांना ना झगा, ना बंदिस्त मठ. त्या साध्या वेषांत लोकांतच राहतात. या महाविद्यालयानें 2006 सालीं मोखाडा तालुक्यांत 'आरोहण' नांवाचें काम सुरू केलें. शिक्षण, आरोग्य आणि पोषण हीं त्याचीं मुख्य अंगें. अंगणवाडी वेळेवर उघडते कीं नाहीं, गरोदर बाईची तपासणी होते कीं नाहीं, ग्रामसभेंत पाण्याचा ठराव येतो कीं नाहीं, हें गांवकऱ्यांनींच पाहावें, अशी त्याची रीत. ओढ्यांवर बंधारे झाले. डोंगरांत मुरूं लागलेलें पाणी दुसऱ्या पिकास मिळालें, तर बाप वीटभट्टीवर जात नाहीं आणि मूल अर्धपोटीं भटकत नाहीं, असा त्यामागचा साधा हिशेब. पुढें आरोहण ही स्वतंत्र संस्था झाली. सुरू करणाऱ्यांनीं आपलें नांव मागें ठेवून काम हातावेगळें करून दिलें. मला या हातावेगळें करण्यांतच रमाबाईंच्या काळापासून मंडळीनें टाकलेलें एक पाऊल दिसतें: ज्याला सेवा दिली त्याला आपला करून घेण्याची गरज उरली नाहीं.

राहतां राहिली वसईची गोष्ट. पठारावर चढून जाणारे थोडे असतील. पण पठारच दरसाल खालीं उतरतें. भात-नागलीची झोडणी आटोपून दिवाळी सरली कीं, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर घरांना कड्या लागतात आणि कुटुंबें भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर येतात. नाक्यावर सकाळीं मजुरीसाठीं उभी राहणारी बाई चर्चच्या घंटेच्या टापूंतच उभी असते. तिच्या मुलाचें वजन गांवच्या अंगणवाडीच्या वहींत आहे, लसीचा दाखला तिकडेच आहे, शिधापत्रिकाही बहुधा तिकडचीच. सहा महिने तें मूल कोणत्याच वहींत नसतें. ज्येष्ठांत पहिला पाऊस पडला कीं तें परत डोंगर चढतें, आणि अंगणवाडीची बाई त्याला पुन्हा ताजव्यांत बसविते. मधल्या सहा महिन्यांच्या रकान्यांत वसईच्या बाजूनें कोणी आंकडे भरले, तर तिला तें मूल वाढलें कीं खंगलें हें त्याच दिवशीं कळेल.