अमेरिकेतील निवासी उपचारशाळा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलगा शाळा बुडवू लागला, मुलगी रात्री-अपरात्री घराबाहेर राहू लागली, अमली पदार्थांचा किंवा आत्मघाताच्या विचारांचा संशय आला, म्हणजे अमेरिकेतील हवालदिल आईबापांना युटा, मोंटाना, मिसुरी अशा राज्यांतील निवासी उपचारशाळांचा मार्ग दाखवला जातो. आणि ज्या अर्थी तेथे ‘उपचार’ चालतो त्या अर्थी रुग्णालयाप्रमाणे त्यावर सरकारची देखरेख असलीच पाहिजे, हा समज त्यांच्या मनात आपोआप घर करतो. वस्तुतः सरकारी आरोग्यनिधी स्वीकारणाऱ्या काही संस्थांपुरते केंद्रीय नियम सोडले, तर या सर्व संस्थांना सरसकट बंधनकारक असा संघराज्याचा कायदाच नाही. परवाना द्यायचा की नाही, तपासणी कितीदा करायची, हे ज्या त्या राज्याच्या मर्जीवर आहे. मिसुरीत तर धार्मिक संस्थांनी चालवलेल्या वसतिगृहांना १९८२ पासून परवान्याची माफी होती. २०२१ साली कायदा झाला तेव्हा कोठे राज्याला आपली माहिती कळवणे आणि नोकरांची पूर्वचौकशी करवून घेणे त्यांना भाग पडले, आणि परवान्याची अट तेव्हाही घातली गेली नाही.

तेथे जाणारी मुले गुन्हेगारच असणार, असेही अनेकांना वाटते. पण त्यांतील पुष्कळ मुलांना कोणत्याही न्यायालयाने शिक्षा सुनावलेली नसते. आईबापांची सही तेवढी पुरते. दुसरीकडे, ज्यांचे पालकत्व राज्याने स्वतःकडे घेतले आहे अशीही अनेक मुले तेथे पाठवली जातात आणि त्यांचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होतो. तेव्हा हा निव्वळ खाजगी व्यवहार आहे, ही सबब टिकण्यासारखी नाही.

परंतु सर्वांत घातक समज निराळाच आहे. आईबापांचे लक्ष असताना सरकारची ढवळाढवळ कशाला, असे सद्हेतूने विचारणारे लोक एक गोष्ट विसरतात: अशा अनेक संस्थांत मुलांची पत्रे आधी वाचली जातात, दूरध्वनीवर बोलताना कर्मचारी शेजारी बसतो, आणि घरी परतण्यासाठी मूल खोटेनाटे सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नका, अशी ताकीद पालकांना पूर्वीच दिलेली असते, म्हणजे मुलाने तक्रार केली की ती तक्रार हेच त्याच्या दुखण्याचे लक्षण ठरते. १९९४ साली युटाच्या वाळवंटातील एका शिबिरात सोळा वर्षांचा मुलगा पोटातील व्रण फुटून मरण पावला. दिवसेंदिवस खंगत चाललेल्या त्या मुलाचे कण्हणे हे कर्मचाऱ्यांना ढोंग वाटले होते. संसदेच्या वतीने सरकारी कारभाराची छाननी करणाऱ्या कचेरीने २००७ साली अशा दहा मृत्यूंची चौकशी केली, तेव्हा अप्रशिक्षित नोकर, अपुरे अन्न आणि बेपर्वा व्यवस्थापन हीच कारणे पुनःपुन्हा समोर आली. त्याच अहवालात नमूद आहे की एकट्या २००५ साली तेहतीस राज्यांनी छळाच्या प्रकरणांत १,६१९ कर्मचारी गुंतल्याचे कळवले होते. त्यानंतरही २०२० साली मिशिगनमधील कॅलमाझू येथे, जेवताना सँडविच फेकले एवढ्या कारणावरून सोळा वर्षांच्या एका मुलाला अनेक जणांनी जमिनीवर दाबून धरले, आणि तो दगावला. दूर राहणारी कोणती आई हे पाहू शकली असती?

‘कडक शिस्तीने मूल सुधारते’ या श्रद्धेचा उगम वैद्यकशास्त्रात नाही. या संस्थांपैकी अनेकींची पद्धत ‘सिनानॉन’ या संघटनेपर्यंत पोचते. ती चार्ल्स डेडरिक याने १९५८ साली कॅलिफोर्नियात स्थापली आणि चारचौघांत एकेकाची निर्भर्त्सना करणे हाच उपाय मानला. त्या वळणावर चाललेल्या फ्लोरिडातील एका कार्यक्रमाची तुलना सिनेटच्या उपसमितीने १९७४ सालीच उत्तर कोरियाच्या मतपरिवर्तनतंत्राशी केली होती.

आता २०२४ च्या डिसेंबरात संघराज्याचा कायदा झाला, प्रश्न मिटला, असे म्हणणाऱ्यांनी त्या कायद्याचा मजकूर वाचावा. तो राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे या संस्थांचा अभ्यास सोपवतो आणि शिफारशी मागवतो. छळ थांबवण्याची सक्ती तो कोणावरही करत नाही. प्रतिनिधिगृहाने किमान दर्जा ठरवणारे विधेयक २००८ सालीच मंजूर केले होते, पण ते सिनेटमध्ये अडले. या दिरंगाईची किंमत मुलांनी मोजली आहे.

देखरेख झाली तर चांगल्या संस्थाही बंद पडतील, ही भीती निराधार आहे, कारण देखरेख म्हणजे बंदी नव्हे. युटाचेच उदाहरण पाहा. किशोरवयात त्या राज्यातील प्रोव्हो येथील अशाच एका शाळेत ठेवल्या गेलेल्या पॅरिस हिल्टन यांनी २०२१ साली युटाच्या कायदेमंडळापुढे साक्ष दिली. त्याच वर्षी राज्याने दर तिमाहीस तपासणी आणि आठवड्यातून एकदा कुटुंबाशी खाजगीत बोलण्याचा हक्क कायद्यात घातला. हीच तरतूद देशभर हवी, तपासनीस पूर्वसूचनेवाचून यायला हवा, आणि बळाचा वापर, इजा व मृत्यू यांची नोंद कोणत्याही पालकाला मुलाला दाखल करण्यापूर्वी वाचता येईल अशा रीतीने उघडी हवी.