वाळवंटात घाम दिसत नाही

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या भागातल्या गाड्या आता फार लांब जाऊ लागल्या आहेत. पूर्वी हातकणंगलेहून निघालेलं कुटुंब फार तर बदामी, ऐहोळे, हंपी करून परत यायचं. हल्ली पेठवडगावजवळ महामार्गाला लागायचं आणि पुणे, सुरत, अहमदाबाद करत थेट कच्छचं रण गाठायचं, अशी टूम आहे. एका बाजूचंच अंतर १,२०० किलोमीटरच्या पुढे जातं. टपावर तंबू, डिकीत सतरंज्या आणि फराळाचे डबे, मधल्या सीटवर आजी, मागे दोन पोरं. पाहायचं काय, तर धोलावीराचे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे अवशेष, छोट्या रणातली रानगाढवं आणि रात्रीचं चांदणं. सहल म्हणून हा बेत उत्तमच आहे. पण सामानाच्या यादीत पाण्याचा उल्लेख बहुधा शेवटी असतो, तोही ‘वाटेत बाटल्या घेऊ’ एवढाच.

आपलं शरीर पंचगंगा आणि वारणेच्या खोऱ्यात वाढलेलं आहे. इथल्या हवेत बाष्प असतं, उसाच्या फडात तर ते जास्तच. चार पावलं चाललं की शर्ट पाठीला चिकटतो, कपाळावरून धारा लागतात आणि आपण म्हणतो, ‘काय घाम निघालाय!’ मग तांब्याभर पाणी पितो. म्हणजे पाणी प्यायची आठवण आपल्याला ओला शर्ट करून देतो. रणाच्या कोरड्या हवेत ही आठवण करून देणारा कुणी नसतो. तिथे घाम त्वचेवर आला की लगेच उडून जातो. शर्ट कोरडा, कपाळ कोरडं. हात फिरवला तर फक्त मिठाची बारीक खरखर लागते. माणसाला वाटतं, आज घामच नाही आला. प्रत्यक्षात उन्हात चालणारा मोठा माणूस तासाला अर्धा ते एक लिटर पाणी घामावाटे गमावू शकतो.

जुन्या लोकांना हे छागलीवरून चटकन समजेल. ट्रकच्या पुढच्या बाजूला जाड कापडाची पाण्याची पिशवी लटकलेली असायची, तीच छागल. कापडातून पाणी पाझरतं, वाऱ्याने उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत आणायला जेवढी लागते, त्याच्या जवळपास आठपट. आपली त्वचा म्हणजे अशीच छागल आहे. हवा जितकी कोरडी तितकी छागल चांगली गार करते, म्हणून कोकणापेक्षा कच्छमध्ये तिचं पाणी जास्त थंड लागतं. आपल्याकडे टपटप गळणारा घाम निम्मा वाया जातो, कारण तो उडत नाही. रणात त्याचा थेंब न् थेंब कामी येतो, त्यामुळे माणसाला बरं वाटत राहतं. छागल रिकामी होतेय हे मात्र कळत नाही.

तहानेवर विसंबावं, तर ती उशिरा लागते. वजनाच्या एक ते दोन टक्के पाणी कमी झालं की मगच ती जोर धरते. ६० किलोच्या माणसात ही तूट ६०० मिलिलिटर ते सव्वा लिटर होते. डोकं जड होणं, चिडचिड, कंटाळा हे सगळं तोवर सुरू झालेलं असतं. घरची मंडळी त्याला ‘प्रवासाचा शीण’ म्हणतात. वयाबरोबर तहानेची जाणीवही बोथट होते, त्यामुळे आजी दिवसभर ‘मला नको’ म्हणत राहते आणि ते खरंच असतं, तिला तहान लागलेलीच नसते. तिची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असेल तर पाणी दोन्ही बाजूंनी कमी होतं. लहान मुलांची अडचण वेगळी. वजनाच्या मानाने त्यांची त्वचा जास्त, म्हणून बाहेरची उष्णता ती लवकर शोषतात, शिवाय त्यांना घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो. आणि खेळता खेळता पाणी मागायचं त्यांना सुचत नाही. या सहलीत पाणी मागण्याची वाट पाहू नये, घड्याळ लावून सगळ्यांना पाजावं. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट, एवढं पुरे. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची होत असेल तर ठीक चाललंय. ती गडद झाली किंवा मुलाने पाच-सहा तासांत केलीच नाही, तर गाडी सावलीत थांबवायची.

धोलावीराला जाऊन पाण्याचा विचार न करणं हे तसंही त्या गावाचा अपमान केल्यासारखं आहे. हे शहर खदीर बेटावर वसलं होतं. आसपास बारमाही नदी नाही, सभोवार खारट रण आणि कच्छचा सरासरी पाऊस वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या जिल्ह्यातल्या गगनबावड्यात पाच हजारांच्या पुढे पडतो, त्याच्याशी तुलना करून पाहा. मनसर आणि मनहर हे दोन ओढे फक्त पावसाळ्यात वाहतात. हडप्पा संस्कृतीतल्या या लोकांनी त्या ओढ्यांना बंधारे घातले, जमिनीचा सुमारे १३ मीटरचा उतार वापरला आणि पाणी तटबंदीलगतच्या हौदांच्या रांगेत वळवलं. पूर्वेकडचा एक हौद ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि सुमारे १० मीटर खोल आहे. उतरायला पायऱ्याही आहेत. जगत्पती जोशींनी १९६०च्या दशकात ही जागा उजेडात आणली, १९९० पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रवींद्रसिंह बिश्त यांनी तिथे उत्खनन केलं आणि २०२१ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हटलं. शहराचा मोठा भाग पाणी साठवण्यासाठी राखून ठेवणारी ही माणसं होती.

आज त्या हौदांत आपल्याला प्यायला पाणी नाही आणि अवशेषांत सावलीही जवळपास नाही. नीट पाहायचं तर दोन-अडीच तास दगड-मातीतून चढउतार करावी लागते. म्हणून सकाळी लवकर शिरावं, नाहीतर दुपारी चारनंतर. मोठ्या माणसामागे दीड लिटर पाणी हातात घेऊनच आत जावं, गाडीत ठेवलेलं पाणी तिथे उपयोगाचं नाही. अंगभर सैल सुती कपडे, टोपी किंवा पटका घ्यावा. उघडे दंड आणि आखूड चड्डी घातल्याने गार वाटेल ही समजूत वाळवंटात खोटी ठरते. तिथले गुराखी डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले असतात ते उगाच नव्हे. पांढऱ्या मिठावर ऊन खालूनही उलटतं, त्यामुळे टोपी असूनही हनुवटी, नाकपुड्या आणि डोळे भाजतात. गॉगल मुलांनाही हवाच.

आता एक गोष्ट जी सहलीच्या गप्पांत कुणी बोलत नाही. लांबच्या प्रवासात घरातल्या बायका पाणीच पीत नाहीत. रस्त्यावर बरी स्वच्छतागृहं मिळत नाहीत, मिळाली तर आत पाय ठेववत नाही आणि दर तासाला ‘गाडी थांबवा’ म्हणायचा संकोच वाटतो. मग सकाळचा अर्धा कप चहा आणि त्यानंतर मुक्कामापर्यंत ओठ ओले करण्यापुरतं पाणी. इथल्या इथे कोल्हापूर-पुणे प्रवासात हे खपून जातं. रणातल्या तीन-चार दिवसांत त्याचं रूपांतर डोकेदुखीत, भोवळीत आणि घरी परतल्यावर लघवीच्या जळजळीत होतं. लघवी तुंबवून ठेवणं आणि पाणी कमी पिणं, दोन्ही मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रणच. यावर उपाय बाईने ‘जास्त पाणी प्यावं’ हा नाही, तो गाडी चालवणाऱ्याच्या हातात आहे. दर दोन तासांनी, कुणी न सांगता, बऱ्या पेट्रोलपंपावर किंवा हॉटेलवर गाडी थांबायलाच हवी. खदीर बेटाकडे जाताना पुढे काही नाही हे माहीत असतं, तेव्हा जुनी साडी किंवा चादर बांधून आडोसा करता येईल अशी दोरी आणि हात धुवायला वेगळं पाणी आधीच ठेवावं. तंबूबरोबर एवढं सामान सहज मावतं.

हा थांबा चालकाच्याही कामाचा आहे. ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठात एक छोटा प्रयोग झाला होता. त्यात मुद्दाम कमी पाणी दिलेल्या चालकांनी गाडी चालवण्याच्या यंत्रावर, भरपूर पाणी प्यायलेल्या दिवसाच्या दुपटीहून अधिक चुका केल्या. आणि थांबल्यावर ‘पोरगं झोपलंय, असू दे आत’ असं कधीच करू नये. बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांत सुमारे १० अंश आणि अर्ध्या तासात २० अंशांच्या आसपास वाढतं. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

पाणी किती, याइतकंच पाण्यात काय, हेही महत्त्वाचं. घामाबरोबर मीठ जातं. नुसतं पाणी लिटरच्या लिटर ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि मळमळ, गोंधळ सुरू होतो. जेवणातलं मीठ, ताक, लिंबू-सरबत यांनी निरोगी माणसाचं भागतं. जुलाब, उलट्या किंवा उन्हाचा त्रास झाला की ओआरएस लागतं. बांगलादेशच्या १९७१च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं हे पाणी पिंपातून पाजून हजारोंचे जीव वाचवले. औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पाकिटं घ्यावीत आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवावीत. फळांच्या चवीची गोड पेयं त्याची जागा घेत नाहीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा पाच मिलिलिटरचा.

एवढं करूनही कुणी असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या जाऊ लागल्या, अंग चटका बसेल असं तापलं, तर तो उष्माघात समजावा. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेलं असू शकतं आणि मेंदूचं नुकसान मिनिटांवर मोजायचं असतं. १०८ला फोन करावा, हा क्रमांक गुजरातमध्येही चालतो. पण धोलावीराहून मोठं रुग्णालय शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे, म्हणून गार करणं तिथेच सुरू करायचं. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. इथे कोरडी हवा आपल्या बाजूने असते, ओल्या अंगावरचा वारा तिथे झपाट्याने काम करतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापावरची गोळी या तापाला लागू पडत नाही.

सूर्य मावळला की सगळं उलटतं. हवेत बाष्प नाही, आभाळात ढग नाहीत, त्यामुळे जमिनीची उष्णता भराभर निघून जाते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पंख्याची आठवण येते आणि पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरू शकतो. मग कुणीतरी शेकोटीतले निखारे घमेल्यात भरून तंबूत आणतं. हे जिवावर बेततं. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, धूर नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गुंगी येते आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणंही याच कारणाने नको. घोंगडी, कानटोपी, पायमोजे घ्या, जमिनीवर जाड सतरंजी टाका, शेगडी बाहेरच राहू द्या.

फुरसं आणि मण्यार कच्छमध्ये आहेत, जसे ते आपल्याकडेही आहेत. तंबूची चेन कायम बंद, रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि बूट, बूट घालण्याआधी झटकायचे. मण्यारीचा दंश दुखत नाही, म्हणून पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या तरी सर्पदंशाचा विचार करावा. दोरी आवळणं, चिरा देणं नको, हात-पाय न हलवता रुग्णालय गाठावं. विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिनचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला. ते औषध डॉक्टरांनीच द्यायचं, पण दंशानंतर मुलाला घाम सुटला, उलट्या झाल्या, हात-पाय गार पडले तर वेळ काढू नये.

आजीचं इन्सुलिन डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नका. ३० अंशांच्या वर ते हळूहळू निकामी होतं. बर्फाला चिकटवलं तर गोठून बिघडतं. छोट्या मडक्यात कोरडी डबी ठेवून मडक्याला बाहेरून ओलं फडकं गुंडाळलं की रणाच्या हवेत छागलीसारखंच काम होतं. रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, निघण्याआधी आठवडाभर डॉक्टरांना दाखवून त्यांच्याकडून डोस विचारून घ्या.

छोट्या रणातलं रानगाढवांचं अभयारण्य सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटर पसरलेलं आहे आणि पावसाळ्यात ते बंद असतं. आत मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. मुक्काम कडेच्या दसाडा, झैनाबाद, बजाणा या गावांत करायचा आणि परवाना घेऊन आत जायचं. ऑक्टोबरमध्ये दुपार अजून चांगलीच तापते. आजी आणि लहान मुलं बरोबर असतील तर दिवाळीऐवजी नाताळचा आठवडा निवडावा.